यंत्राची तांबडी रेघ आणि बोलीचे व्याकरण

१

संगणकावर आणि मोबाईलवर मराठी लिहिणे आता सोपे झाले आहे. त्याच्या मागोमाग लिहिलेले तपासणारी यंत्रेही आली. शब्द चुकला की त्याच्याखाली तांबडी रेघ उमटते. मराठी लिहिणाऱ्यांनी या यंत्रांचे स्वागत केले आणि ते योग्यच आहे. परंतु यंत्र चूक कशाला म्हणते आणि ती चूक आहे हे मुळात कोणी ठरवले, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. भाषेतल्या शुद्धाशुद्धाचा निवाडा आजवर ज्यांच्या विरोधात गेला, त्यांनी तर तो आधी विचारला पाहिजे. मला तो सुचला तो माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीमुळे. म्हणून ती आधी सांगतो.

मी वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी अनेक वर्षे मराठी शिकवले. निवृत्तीनंतर आमच्या वस्तीतली एक मुलगी माझ्याकडे वही घेऊन आली. तिच्या आजीने सांगितलेले आयुष्य तिने आजीच्याच शब्दांत उतरवून घेतले होते. आजीला लिहिता येत नाही. मुलीला ते एका मासिकाकडे पाठवायचे होते. मी म्हणालो, टाईप करून आण, आपण तपासून घेऊ. तिने टाईप केले. मी तपासनीस चालू केला आणि पाहता पाहता पान तांबडे झाले.

आजीचे एक वाक्य असे होते : "मायनं मले शाळंत धाडलं, पन पाटी घ्याले पैसे नोयते." यंत्राने 'मले' या शब्दाला 'मळे', 'मेले', 'मला' असे पर्याय सुचवले. मी 'मला' निवडले. 'पन'चे 'पण' केले, 'घ्याले'चे 'घ्यायला' केले, 'नोयते'चे 'नव्हते' केले. शेवटी वाक्य झाले : "आईने मला शाळेत धाडले, पण पाटी घ्यायला पैसे नव्हते." एकही रेघ उरली नाही. यातली एक गोष्ट मुद्दाम सांगतो. 'माय' या शब्दाला यंत्राने हरकत घेतलीच नव्हती. मायची आई मी केली. वह्या तपासून तपासून हाताला लागलेली ती सवय होती.

मुलीने वाचले आणि म्हणाली, "सर, हे बराबर हाये. पन माही आजी असं बोलत नाई."

मी मूळ वही पुन्हा उघडली आणि दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचू लागलो. तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. वहीत काही ठिकाणी, बहुधा मास्तरांना दाखवायचे या संकोचाने, मुलीनेच आजीच्या तोंडी 'मला' घातले होते. आजी 'मले' म्हणते; तिच्या बोलण्यात 'मला' ही चूक आहे. या खऱ्या चुकांवर यंत्राने एकही रेघ ओढली नव्हती. जिथे मुलगी आजीशी प्रामाणिक राहिली, तिथे मात्र प्रत्येक ठिकाणी रेघ होती. म्हणजे खरे तिथे दोष आणि दोष तिथे मौन. असे का व्हावे, हे समजून घेण्यासाठी मला यंत्राच्या पोटात शिरावे लागले.

२

लेखन तपासणारी यंत्रे ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. एका प्रकारात कोट्यवधी वाक्ये यंत्राला वाचायला दिली जातात आणि त्यातून ते आपले अंदाज बांधते. दुसऱ्या प्रकारात माणूस नियम लिहून देतो. मी बोलणार आहे ते प्रामुख्याने या दुसऱ्या, नियमांवर चालणाऱ्या यंत्रांविषयी. ज्या भाषांचे लेखन यंत्राला वाचता येईल अशा रूपात फार थोडे आहे, त्यांना अल्पसाधन भाषा म्हणतात, आणि अशा भाषांना बहुतेक वेळा याच यंत्रांचा आधार असतो. येथे बोलणाऱ्यांची संख्या उपयोगी पडत नाही. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सव्वाआठ कोटींहून अधिक होते. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. तरीही इंग्रजीच्या मानाने यंत्राच्या दृष्टीने मराठी गरीबच आहे, आणि वऱ्हाडी तर त्या गरिबाच्या घरातली सर्वांत शेवटी जेवणारी.

नियमांवर चालणाऱ्या यंत्राची रीत समजायला अवघड नाही. हंगेरियन भाषेसाठी लास्लो नेमेथ यांनी तयार केलेला 'हनस्पेल' हा शब्दतपासनीस आज कितीतरी भाषांत वापरला जातो. त्याच्यापाशी दोन याद्या असतात : एक मूळ शब्दांची आणि एक प्रत्यय कसे लागतात याची. 'घर' एकदा लिहिले आणि प्रत्ययांचे नियम नीट दिले की 'घरात', 'घराला', 'घरासमोर', 'घरातल्यांनासुद्धा' ही सगळी रूपे त्याला कळतात. जे रूप या दोन याद्यांतून निघत नाही, त्याच्याखाली तांबडी रेघ. 'मले' निघाले नाही, एवढेच. पर्याय सुचवताना ते मुख्यतः अक्षरांची जवळीक पाहते, म्हणून एका बाईच्या स्वतःविषयीच्या शब्दाला ते निर्विकारपणे 'मेले' असा पर्याय देऊ शकते.

व्याकरण-तपासनीस याच्या पुढची पायरी. तो शब्दाभोवतालचे वाक्य पाहतो. जर्मनीत डॅनियल नाबर यांच्या २००३ सालच्या पदविका-प्रबंधातून निघालेल्या 'लँग्वेजटूल'मध्ये प्रत्येक नियम वेगळा लिहिलेला असतो : कोणती रचना शोधायची, सापडल्यावर लेखकाला काय सांगायचे, दुरुस्ती कोणती सुचवायची आणि उदाहरण म्हणून एक चुकीचे वाक्य. फिनलंडच्या फ्रेड कार्लसन यांनी १९९०च्या सुमारास मांडलेल्या पद्धतीत तर आधी शब्दाचे सगळे संभाव्य अर्थ मांडतात आणि संदर्भात न बसणारे अर्थ नियमांनी एकेक करून बाद करतात. मराठीत 'काढा' हे नामही आहे आणि क्रियापदही. 'काढा प्या' आणि 'पाणी काढा' यांतला फरक यंत्राला सांगायचा, तर शेजारचा शब्द बघून एक अर्थ बाद करणारा नियम कोणाला तरी लिहावा लागतो.

'कोणाला तरी' हा शब्द महत्त्वाचा आहे. यंत्राला मत नसते. त्याच्या रेघेमागे नियम असतो आणि नियमामागे तो लिहिणारा माणूस असतो. त्या माणसाच्या कानावर 'मले' कधी पडले नसेल, किंवा पडूनही ते लिहिण्याच्या योग्यतेचे वाटले नसेल, तर यंत्रात ते असणार नाही. आणि नंतर हीच अनुपस्थिती 'अशुद्ध' म्हणून पडद्यावर उमटते.

३

मराठीसाठी असे यंत्र करणारा माणूस नियम कोठून आणतो? मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम राज्य शासनाने १९६२ मध्ये मान्य केले. १९७२ मध्ये त्यात चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. शाळा, कचेरी, छापखाना सगळीकडे हेच अठरा नियम 'शुद्धलेखन' या नावाने चालतात. यंत्राला ते फार सोयीचे आहेत, कारण ते आयते लिहून ठेवलेले आहेत. पण ते यंत्रात घालू गेले की त्यांचे स्वरूप उघडे पडते.

'गरीब' आणि 'शरीर' हे दोन शब्द घ्या. दोन्हींत 'री' दीर्घ. प्रत्यय लागला की 'गरीब'चे 'गरिबाला' होते, पण 'शरीर'चे 'शरीराला'च राहते. का? 'शरीर' संस्कृतातून जसाच्या तसा आला आहे आणि 'गरीब' अरबीतून. कानाला हा फरक ऐकू येत नाही. शब्दाचे कूळ विचारल्याशिवाय त्याचा इकार ठरत नाही, असा हा नियम आहे. यंत्राला त्यासाठी संस्कृत शब्दांची वेगळी यादी द्यावी लागते. यंत्राला यादी देता येते. पण ज्या पोराच्या घरात संस्कृत कधी शिरलेच नाही, शिरू दिले गेले नाही, त्याला ती यादी कोणी दिली? त्याने ती पाठ करावी, नाहीतर गुण गमवावे, अशीच व्यवस्था होती आणि आहे.

दुसरा नियम बोलण्याविषयीचा आहे. 'असं केलं', 'मी म्हटलं' ही रूपे पात्राच्या तोंडी चालतील. अन्यत्र 'असे केले', 'मी म्हटले' असेच लिहावे. म्हणजे बोलीला घरात प्रवेश आहे, पण अवतरणचिन्हांच्या ओसरीपर्यंत. दलित स्वकथनांनी ही ओसरी ओलांडली. निवेदकच बोलू लागला. दया पवारांच्या पुस्तकाचे नाव 'बलुतं' (१९७८) आहे, 'बलुते' नाही. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) आहे. शांताबाई कांबळे यांनी 'माझ्या जल्माची चित्तरकथा' (१९८६) लिहिली. त्या 'जल्मा'चा जन्म करून पाहा, म्हणजे काय गेले ते कळेल. अठरा नियमांना अक्षरशः धरून चालणारे यंत्र या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरच रेघ ओढील. आतली पाने तर दूरच.

तिसरा नियम यंत्र करणाऱ्याला किरकोळ वाटेल, मला वाटत नाही. केशवसुतांच्या पूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पूर्वीचे गद्य यांतील उतारे मुळाप्रमाणे छापावेत, त्यानंतरचे या नियमांप्रमाणे, असे ठरले आहे. चिपळूणकरांची निबंधमाला १८७४ मध्ये सुरू झाली. तिच्यातून त्यांनी जोतीराव फुल्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची यथेच्छ टवाळी केली. आता हा नियम लावून पाहा. 'गुलामगिरी' १८७३ची, ती एका वर्षाने सुटते. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३चा, तो सापडतो. ज्या माणसाने फुल्यांच्या व्याकरणाला हसून त्यांचा विचार टाळला, त्याचेच नाव मराठी गद्याच्या काळाची खूण म्हणून नियमात बसले आहे. हे कोणी द्वेषाने केले असे मी म्हणत नाही. द्वेषाची गरजच पडली नाही, एवढेच म्हणतो. नियम करणाऱ्यांच्या मनात मराठी गद्याची जी वंशावळ होती, तीत फुले नव्हते.

४

येथवर वाचून काही मित्र म्हणतील की मग हे नियम नकोतच. आमची भाषा विद्रोही आहे, तिला व्याकरणाचे बंधन कशाला? मला हे मान्य नाही. या भूमिकेत एक सापळा आहे, आणि त्यात आपण अनेक वर्षे अडकलो आहोत.

दलित साहित्य आले तेव्हा त्याच्या भाषेचे कौतुक 'रांगडी', 'रासवट', 'व्याकरणाची पर्वा न करणारी' अशा विशेषणांनी झाले. आपणही ते आनंदाने घेतले. पण हे कौतुक आणि ती तांबडी रेघ एकच गोष्ट सांगतात : या भाषेला नियम नाहीत. एक हसून सांगते, दुसरी दटावून, एवढाच फरक. आणि ही गोष्ट खरी नाही.

आजीच्या वाक्याकडे पुन्हा पाहा. 'मले', 'तुले', 'त्याले', 'बापाले'. प्रमाण मराठी जिथे 'ला' लावते तिथे आजी 'ले' लावते, आणि नेमाने लावते. 'घ्याले', 'जाले', 'कराले' यांतही तोच 'ले' आहे. 'करून राहिला', 'जाऊन राहिली' ही चालू क्रियेची रूपेही अशीच ठरलेली आहेत. हे व्याकरण आहे. फक्त ते कोणी नियमाच्या रूपात लिहून यंत्राला दिलेले नाही. 'पानी'वर हसणाऱ्यांना हेही सांगितले पाहिजे की या शब्दाच्या मुळाशी असलेल्या संस्कृत 'पानीय'मध्ये 'न'च आहे. 'म्या केलं' हे खेड्यात ऐकले की ते गावठी ठरते. पण तेच 'म्यां' जुन्या संतवाङ्मयात भेटले की त्याला आर्ष प्रयोग म्हणतात. रूप एकच. कोणाच्या तोंडी आहे, यावर त्याची प्रतिष्ठा ठरते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. प्रमाण मराठी आपल्याला नको, असे माझे म्हणणे नाही. बाबासाहेबांनी 'मूकनायक' (१९२०) आणि 'बहिष्कृत भारत' (१९२७) या पत्रांत प्रमाण मराठीच वापरली, आणि धारदार वापरली. आमच्या पोरांना शिष्यवृत्तीचा अर्ज लिहायचा आहे, माहिती अधिकारात प्रश्न विचारायचा आहे, स्पर्धा परीक्षेत निबंध लिहायचा आहे. ज्यांच्या घरी मास्तर नाही, संपादक काका नाहीत, त्यांना विनामूल्य तपासून देणारे यंत्र मिळाले तर ती फार मोठी मदत आहे. उच्चवर्णीय घरातल्या मुलाला ही मदत जेवणाच्या ताटावर मिळत होती. म्हणून यंत्र हवेच. प्रश्न यंत्राच्या असण्याचा नाही, त्यातल्या नियमांवर आपला हात लागण्याचा आहे.

५

हा हात लागू शकतो याचे एक उदाहरण युरोपच्या अगदी उत्तरेला आहे. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया या देशांच्या उत्तर भागात सामी लोक राहतात. नॉर्वेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून शंभराहून अधिक वर्षे सामी मुलांना शाळेत नॉर्वेजियन बनवण्याचे सरकारी धोरण होते. मातृभाषा वर्गात बोलणे हा दोष मानला जाई. २०२३ मध्ये नॉर्वेच्या सत्यशोधन व समेट आयोगाने या धोरणाचा अहवाल संसदेला दिला. अशा शाळांतून गेलेल्या पिढ्यांना स्वतःची भाषा बोलता येई, पण लिहिता येत नसे. त्यांच्यातल्या सर्वांत मोठ्या भाषेचे, उत्तर सामीचे, बोलणारे जेमतेम वीस-पंचवीस हजार असतील. तिची तिन्ही नॉर्डिक देशांना समान अशी लेखनपद्धती ठरली ती १९७९ मध्ये.

वीस हजारांच्या भाषेत कोट्यवधी वाक्ये कोठून आणणार? म्हणून तेथे नियमांचाच मार्ग धरला गेला. 'दिव्वुन' नावाचे हे काम सामी संसदेच्या आश्रयाने सुरू झाले आणि पुढे ट्रोम्सो येथील विद्यापीठात गेले. आधी शब्दांची रूपे सांगणारी यंत्रणा उभी केली, मग शब्दतपासनीस, आणि २०१९ मध्ये उत्तर सामीचा व्याकरण-तपासनीस लोकांच्या हाती आला. हे काम उघड्यावर ठेवलेले आहे. नियम कोणालाही वाचता येतात. त्यात सामी भाषिक स्वतः काम करतात. आणि उत्तर सामीवर ते थांबले नाहीत. लुले सामी, दक्षिण सामी अशा फार थोड्या माणसांच्या भाषांसाठीही स्वतंत्र साधने केली; उत्तर सामीचे नियम त्यांच्यावर लादले नाहीत. एकसमान लेखनपद्धती आली की तिच्यातही कोणती तरी बोली थोडी मागे पडतेच, हे मला ठाऊक आहे. तरीही एक फरक मोठा आहे. ज्यांना शाळेने अक्षर नाकारले, त्यांच्यासाठीच तिथे रेघ ओढली जाते. आपल्याकडे तीच रेघ त्यांच्यावर ओढली जाते.

यावर कोणी म्हणेल की नियमांचे यंत्र आता जुने झाले. अफाट लेखन वाचून शिकणारी नवी यंत्रे आली आहेत, ती सगळे आपोआप करतील. ती यंत्रे शिकतात ती छापलेल्या मराठीतून : वर्तमानपत्रे, सरकारी कागद, पाठ्यपुस्तके. ज्यांना छापखाना उशिरा मिळाला त्यांची भाषा त्या ढिगात चिमूटभर. आणि ते यंत्र आजीचे वाक्य बदलते तेव्हा कोणत्या नियमाने बदलले हे दाखवता येत नाही. लिहिलेला नियम मात्र बोट ठेवून दाखवता येतो. त्याच्याशी वाद घालता येतो, तो दुरुस्त करता येतो, त्याच्या शेजारी दुसरा लिहिता येतो. वाद घालता येतो असा नियम हाच आपल्या कामाचा.

मग काय केले पाहिजे? पहिले, 'अशुद्ध' हा शब्द यंत्रातून गेला पाहिजे. 'हे रूप प्रमाण लेखनात नाही' एवढेच त्याने सांगावे. ते खरे आहे आणि पुरेसे आहे. दुसरे, लिहिणाऱ्याला आपली बोली निवडता आली पाहिजे. 'शब्दसंग्रहात जोडा' असे बटण असते, ते मी दाबून पाहिले. 'मले' माझ्या संगणकावर चालू झाले आणि शेजारच्या संगणकावर तांबडेच राहिले. ही तर वेगळ्या कपबशीची सोय झाली. जोडायचे ते सगळ्यांच्या यादीत. तिसरे, आणि हे काम आपले आहे : वऱ्हाडी, माणदेशी, मराठवाडी, ज्या ज्या बोलीत आपली माणसे बोलली आणि आपल्या लेखकांनी लिहिले, तिची रूपे गोळा करून नियमात मांडली पाहिजेत. स्वकथनांची पाने हा त्याचा मोठा साठा आहे. मराठीच्या विद्यार्थ्यांनी प्रबंधांसाठी त्यांच्यातली वेदना पुष्कळ मोजली. आता थोडे त्यांचे प्रत्यय मोजावेत.

असे झाले तर यंत्र काय करील? वऱ्हाडी निवडून लिहिणाऱ्या मुलीला ते 'मले'वर थांबवणार नाही. पण आजीच्या तोंडी मध्येच 'मला' आले, तर तिथे ते विचारील : येथे 'मले' हवे होते का? चांगला संपादक हेच करतो. लेखकाच्या स्वतःच्या नियमाशी तो लेखकाला प्रामाणिक ठेवतो.

त्या मुलीचे लेखन आम्ही पुन्हा पहिल्यापासून बसून केले, यंत्र बंद ठेवून. मी वाचायचे, तिने ऐकायचे, आणि जिथे आजीचा आवाज सुटला तिथे तिने मला अडवायचे. बरेच ठिकाणी तिने मला अडवले. मायची केलेली आई पुन्हा माय झाली. आता आम्ही दोघे मिळून एक वही करतो आहोत. तिच्यात 'ले' प्रत्ययाचा नियम लिहून झाला आहे, चुकीच्या वाक्याच्या उदाहरणासह. ते उदाहरण माझे आहे.